राखीव यादीतले पहिले दोन

२००७ सालच्या ऑक्टोबरात डब्लिनच्या वाचनालयाने चारुदत्त खर्चे याला 'वर्षातला सर्वोत्तम वाचनप्रसारक' म्हणून एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी आणि घुबडाचं चित्र असलेला एक मग दिला. डब्लिन म्हणजे ओहायोतलं. आयर्लंडातलं डब्लिन इतक्या सहज फसत नाही.

ही घटना घडलेली नाही. चारुदत्तच्या घरी जाऊन विचारा, कुणीही हेच सांगेल. प्रमाणपत्र कुकरच्या रिकाम्या खोक्यात आहे, पिशवीत कांदे आहेत, आणि मगातून उत्तरा, म्हणजे चारुदत्तची बायको, रोज चहा पिते. पण घुबड स्वतःकडे वळवून पिते. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून चालू आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ऑफिसात कापलेल्या केकपाशी येऊ.

केकवर पुस्तकाचं मुखपृष्ठ छापलेलं होतं: निळी नदी आणि तिच्या तळाशी उभा असलेला एक मुलगा. मॅनेजरबाईंनी सुरी नेमकी मुलाच्या पोटातून फिरवली आणि म्हणाल्या, "आपल्या टीममध्ये एक लेखक आहे आणि आपल्याला पत्ताच नाही!"

दाराशी कागदी बशी घेऊन उभ्या असलेल्या चारुदत्तला क्षणभर वाटलं, हे आपल्याबद्दलच चाललंय. त्याने चेहरा संकोची केला.

त्यात त्याची चूक नव्हती. चारुदत्त लेखक होताच. कोलंबस शहराच्या आसपास राहणाऱ्या दीडेकशे मराठी कुटुंबांना हे ठाऊक होतं. नऊ वर्षं तो आपल्या बालपणावर कादंबरी लिहीत होता. गणपतीत, संक्रांतीत लोक हटकून विचारत, "काय चारू, कुठवर आली?" तो म्हणे, "आकार घेतेय." नऊ वर्षांत तिने एकेचाळीस पानांचा आकार घेतला होता.

पण केक कोकुमोचा होता. कोकुमो ओगुनसान्या, पलीकडच्या क्युबिकलमधला, नायजेरियातला योरुबा माणूस. तो प्रोग्राम लिहायचा आणि चारुदत्त त्यातल्या चुका शोधायचा. दुसऱ्याच्या कामातली चूक हुडकायची, तिला नंबर द्यायचा, ती पुन्हा कशी घडवून आणता येईल ते लिहायचं आणि तिची तीव्रता ठरवायची, हा चारुदत्तचा पगारी उद्योग. काही लोक हे फुकटही करतात.

"कधी लिहिलंस?" त्याने विचारलं. 'अभिनंदन' हा शब्द ओठांपर्यंत आला होता, पण त्याच्या आधी केक आत गेला.

"मंगळवारी आणि गुरुवारी," कोकुमो म्हणाला. (कोकुमोला मराठी येत नाही. इथे तो मराठी बोलेल. कथेला तेवढा व्हिसा मिळतो.) "पोरींच्या स्विमिंग क्लासला पाऊण तास असतो ना. गाडीत बसून लिहायचो."

चारुदत्तची स्वानंदी त्याच क्लासला जात असे. त्याच पार्किंगमध्ये, दोन गाड्या सोडून, चारुदत्तही तो पाऊण तास बसलेला असे. सीट मागे करून, तोंड उघडं टाकून.

"मला वाटायचं तू ध्यान करतोस," कोकुमो म्हणाला.

"तेच करतो," चारुदत्त म्हणाला आणि केकवरचा उरलेला मुलगा खाऊन टाकला.

पुस्तकाच्या इंग्रजी नावाचा अर्थ साधारण 'बरं, राहतो' असा होतो. गोष्ट होती कोकुमोच्या लहानपणाची, म्हणजे त्याच्या लहानपणांची. योरुबा लोक मानतात की काही मुलं जन्मतात तीच परत जायच्या बोलीवर. पलीकडच्या जगात त्यांचे सवंगडी असतात. त्यांना शब्द देऊन हे मूल येतं, थोडे दिवस लाड करून घेतं आणि ठरल्या दिवशी आईला रडत टाकून निघून जातं. मग पुन्हा त्याच आईच्या पोटी येतं. कोकुमोच्या आईने त्याला असं दोनदा पुरलं होतं. तिसऱ्या खेपेला तिने त्याच्या कानाच्या पाळीला खाच पाडली, म्हणजे सवंगड्यांनी ओळखू नये. पायात लोखंडी वाळे घातले, म्हणजे आवाजाने ते लांब पळावेत. आणि नाव ठेवलं कोकुमो, म्हणजे 'आता पुन्हा मरायचा नाही'. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर ती म्हणे, "काय हे कुरूप ध्यान!" सवंगड्यांना हेवा वाटू नये म्हणून.

चारुदत्त एकतिसाव्या पानावर होता. त्याने पुस्तक मिटलं, बाथरूममध्ये गेला, आरशात आपली उजवी नाकपुडी पाहिली, परत आला आणि ऑफिसच्या पद्धतीने यादी करायला घेतली.

'चूक क्रमांक १. पान ३१. मेलेलं मूल आईशी बोलतं. पुन्हा वाचून पाहिलं, पुन्हा बोलतं. तीव्रता: जास्त.'

'चूक क्रमांक ७. पान ५८. मुलगा नदीच्या तळाशी सवंगड्यांना भेटून येतो. टॉवेलचा उल्लेख नाही.'

'चूक क्रमांक १९. पान ११२. उत्तरा रडली. कारण सापडलं नाही.'

उत्तरा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाचत होती.

"वरण लागतंय," चारुदत्त म्हणाला.

"लागू दे."

"माझी एकेचाळीस पानं वाचताना तू मेथी निवडत होतीस."

"मेथी किती छान निवडली गेली पण!" तिने पान उलटलं. "चारू, खरं सांगू? तुझ्या पानांतली ती आजी फार चांगलं बोलते. सारखंच. मला वाटत राहिलं, हिला आकाशवाणीवर नोकरी आहे."

हे इतकं लागायचं कारण नव्हतं, पण चारुदत्तला लागलं, कारण आजी चोरीची होती. त्याच्या कादंबरीत एक नदी होती, आंब्याचं डेरेदार झाड होतं आणि गोष्टी सांगणारी आजी होती. तो वाढला त्या मलकापुरात त्यांच्या गल्लीत झाड एकच, तेही बाभळीचं, आणि आजी त्याच्या जन्माआधीच वारलेली. आजी त्याने इतरांच्या पुस्तकांवरून बेतली होती, जसं लोक शेजाऱ्यांचं बघून पडदे शिवतात.

नऊ वर्षांची स्वानंदी टेबलाशी होमवर्क करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, आर यू जेलस?"

"नाही."

"इट्स ओके. मॅडी इज जेलस ऑफ माय बॅकस्ट्रोक."

आता चारुदत्तने कुणालाही न सांगितलेली गोष्ट.

त्याच्या आधी दोन मुलगे झाले होते. एक आठव्या दिवशी गेला, एक अकराव्या. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्यामुळे दोघांनाही नाव नव्हतं. तिसरा झाला तेव्हा गल्लीतल्या बायांनी आईला बजावलं, याला आपला म्हणू नकोस. मग दाईने त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं. बांगड्या भरणाऱ्या कासारणीने तिथून उचललं, म्हणजे तो तिचा झाला. आणि आईने सूपभर कोंडा देऊन तो तिच्याकडून विकत घेतला. विकत घेतलेल्या मालावर मृत्यूचा हक्क लागत नाही, असा त्या गल्लीचा कायदा होता. उजवी नाकपुडी टोचून तिच्यात पितळेची बाळी घातली आणि नाव ठेवलं कोंडू. इतक्या टाकाऊ वस्तूला न्यायला कोण येणार?

आई त्याला चारचौघांत कधी चांगलं म्हणाली नाही. तो शाळेत पहिला आला तेव्हा ती दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "कायचा पहिला! बाकीची पोरं झोपली असतील." गल्लीला ऐकू जावं म्हणून, आणि गल्लीच्याही वर कुणाला ऐकू जावं म्हणून. आत येऊन हळूच सांगे, "ते दोघं बघतात रे. त्यांना हेवा वाटंल." घरात काही गोड झालं की आधी दोन चिमट्या खिडकीच्या फळीवर ठेवी आणि मग कोंडूच्या ताटलीत वाढी.

त्या दोघांना त्याचा हेवा वाटत होता की नाही, देव जाणे. त्याला मात्र त्यांचा वाटे. पहिला घास त्यांचा. आणि आई त्यांना कधी कुरूप म्हणत नसे. सहा वर्षांचा असताना एकदा त्याने फळीवरच्या दोन्ही चिमट्या खाऊन टाकल्या आणि संध्याकाळपर्यंत मरणाची वाट बघत बसला. मरण आलं नाही. जेवायची हाक आली.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते सरकारी राजपत्रात नाव बदलायचं. 'चारुदत्त' हे नाव त्याला वर्तमानपत्रातल्या गुणवत्ता यादीत सापडलं. मूळ मालक बोर्डात चौथा आला होता. म्हणजे नावसुद्धा त्याने हेव्यातूनच उचललं. आई त्याच्या लग्नाआधी गेली आणि कोंडू म्हणणारं कुणी उरलं नाही. उत्तरालाही ठाऊक नव्हतं. कोकुमोने एकदा डबा खाताना आपल्या कानाची खाच दाखवली होती आणि विचारलं होतं, "तुझ्या नाकाला काय झालं?" चारुदत्त म्हणाला होता, "क्रिकेट. बॉल लागला."

आणि आता तोच माणूस तेच बालपण, खाचेसकट, तीनशे बारा पानांत छापून मोकळा झाला होता. चोरी म्हणावी तर सोय नाही, कारण चोराने सगळं स्वतःच्याच घरातून नेलेलं.

एप्रिलमध्ये चारुदत्तने ठरवलं की डब्लिनमध्ये हे पुस्तक कुणी वाचता कामा नये.

तो सभ्य माणूस होता आणि सभ्य माणसाला जे काही करायचं ते नियमात बसवून करावं लागतं. वाचनालयात पुस्तकाच्या तीन प्रती होत्या. कार्ड नंबर आणि पिन टाकला की घरबसल्या कॉम्प्युटरवरून पुस्तक आपल्या नावावर राखून ठेवता येई. त्याला सगळे 'होल्ड टाकणं' म्हणत. चारुदत्त मराठी मंडळाच्या ग्रंथालय समितीचा प्रमुख होता, आणि समितीतला दुसरा कुणी नसल्यामुळे बहुमतातही होता. वाचनालयाने मराठी पुस्तकं घ्यावीत म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने चौतीस कुटुंबांचे कार्ड नंबर गोळा केले होते. पिन म्हणजे फोनचे शेवटचे चार आकडे, आणि फोन मंडळाच्या डिरेक्टरीत. एका शनिवारी दुपारी, उत्तरा भारतीय वाणसामानाच्या दुकानात गेली असताना, त्याने चौतीस होल्ड टाकले.

तीन प्रती, चौतीस माणसं, प्रत्येकी तीन आठवडे. नाताळ येईपर्यंत पुस्तक मराठी माणसांच्या नावावर अडकून पडणार होतं. आणि मराठी माणूस पुस्तक घरी आणलं तरी वाचत नाही, अशी त्याची स्वानुभवातून आलेली श्रद्धा होती.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या या माणसाच्या योजनेत दोन चुका राहिल्या. पहिली अशी, की वाचनालय फोन करून सांगतं, "तुमचं पुस्तक आलंय." आपल्या नावावर काहीतरी आलंय म्हटल्यावर ते तसंच सोडून देईल असा माणूस मंडळात नव्हता. आणि दुसरी अशी, की दर पाच होल्डमागे वाचनालय आणखी एक प्रत मागवतं.

मे महिन्यात प्रती नऊ झाल्या आणि विनयचा फोन आला. विनय नागपूरचा, बँकेत डेटाबेस सांभाळायचा.

"चारू, लेका, काय पुस्तक सुचवलंस यार! मी बेसमेंटमध्ये जाऊन रडलो. बायकोला सांगितलं, ओल आलीय, डिह्युमिडिफायर चेक करतोय."

"मी कुठे सुचवलं?"

"होल्ड तूच टाकलास ना? माझा पिन तुझ्याशिवाय आणखी कोणाला माहितीये? मलाच माहीत नव्हता! मानलं तुला. स्वतः लेखक असून दुसऱ्याचं पुस्तक घरोघरी पोचवतो. मी असतो तर जळून खाक झालो असतो."

"छे," चारुदत्त म्हणाला. "जळायचं काय त्यात."

जूनमध्ये मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, चारुदत्तच्या आसपास घोळकाच जमला. मुलाकडे राहायला आलेल्या शुभाकाकूंनी ताटातली बटाट्याची भाजी बाजूला सारून सांगायला सुरुवात केली. "अरे, आमच्याकडेही हीच चाल होती बरं का. मूल जगत नसलं की उकिरड्यावर ठेवायचे, नाक टोचायचे, कायच्या काय नावं ठेवायचे. माझ्या चुलत सासऱ्यांचं नाव उकिर्डा. वकील होते! पाटीवर यू. जी. लिहायचे. त्या परदेशी माणसाला हे सगळं कसं रे कळलं?"

सगळे चारुदत्तकडे बघू लागले. त्याचा हात नाकाकडे निघाला होता. तो त्याने वाटेतच वळवून चष्म्याला लावला.

"काकू," तो म्हणाला, "पुऱ्या संपल्या का?"

म्हणजे गोष्ट त्याच्यासमोर ताटात वाढून आली होती आणि त्याने पुऱ्या मागितल्या. घरी परतताना गाडीत त्याला वाटलं, काकूंच्या त्या वकिलाबद्दलसुद्धा आपल्याला हेवा वाटतोय. उघडपणे उकिर्डा म्हणून जगला, आणि वर वकिली केली.

सप्टेंबरमध्ये वाचनालयातून डेब्राबाईंचा फोन आला. वाचकसेवा विभाग त्यांच्याकडे होता. "मिस्टर खर्चे, आमच्या नोंदींत काहीतरी चमत्कारिक दिसतंय. एकाच शनिवारी दुपारी, एकाच कॉम्प्युटरवरून, चौतीस होल्ड."

चारुदत्त खुर्चीत बसला. इतक्या वर्षांचं ग्रीनकार्डाचं वाट पाहणं त्याच्या डोळ्यांसमोरून सरकलं.

"तीस वर्षांत मी असं पाहिलं नाही," डेब्राबाई म्हणाल्या. "एका माणसाने आपला अख्खा समाज वाचता केला! आम्ही हेच पुस्तक या वर्षी सगळ्या गावाने मिळून वाचायचं ठरवलंय. लेखक येणार आहेत. तुम्ही पहिल्या रांगेत हवे."

ऑक्टोबरातला तो कार्यक्रम झाला. त्यातली पहिली दहा मिनिटं, ज्यात प्रमाणपत्र वगैरे, झाली नाहीत. त्यानंतर कोकुमो व्यासपीठावर आला. अंगात ऑफिसचाच निळा शर्ट होता. समोर पावणेदोनशे माणसं, त्यांतली साठेक मराठी. शुभाकाकू शाल घेऊन. चारुदत्तच्या मांडीवर घुबडाचा मग होता आणि खिशात त्रेचाळीस चुकांची छापील यादी. त्याने एकच चूक निवडून ठेवली होती. सव्विसावी. पाऊसपाण्याच्या हिशेबात कोकुमोने एक अख्खा ऋतू दोनदा आणला होता. सगळ्यांदेखत विचारायचं, अगदी नम्रपणे.

कोकुमोने वाचलं ते आईचं प्रकरण. आई मुलाला न्हाऊ घालते, त्याचं अंग पुसते, त्याच्याकडे बघत राहते, मग दारात जाऊन आभाळाकडे तोंड करून ओरडते, "किती कुरूप आहे हा! तुम्हाला कशाला हवाय?"

सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. बहुधा विनय. इथे बेसमेंट नव्हतं.

"काही प्रश्न?" डेब्राबाईंनी विचारलं, आणि चारुदत्त उठलेलाच होता. उत्तराने त्याची बाही धरली. त्याच्या तोंडात सव्विसावी चूक तयार होती. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आधीचे दोघं कुठे गेले?"

"कोण दोघं?"

"तुझ्या आधी जे आले. आणि गेले. त्यांचं पुढे काय झालं? पुस्तकात नाहीये."

कोकुमो हसला. कान कुरवाळत म्हणाला, "ते कुठे जाणार? मीच होतो तो. पहिला मी, दुसरा मी, तिसराही मीच. माझ्या आईने एकाच मुलाला तीनदा जन्म दिला, आणि तिसऱ्यांदा मी म्हणालो, बरं, राहतो."

टाळ्या पडल्या. चारुदत्त खाली बसला.

आतापर्यंत त्याला कोकुमोच्या पुस्तकाचा हेवा वाटत होता, केकचा, पाऊण तासाचा. ते सगळं किरकोळ होतं. खरा हेवा आत्ता आला, आणि तो असा आला की छाती भरून गेली. कोकुमोच्या घरात कुणी बाहेर राहिलंच नव्हतं. जे गेले तेच परत आले, दार लागलं, सगळी पानावर बसली. मलकापुरात असं नव्हतं. तिथे दोघं ते दोघंच होते आणि हा तिसरा होता. दोघं फळीपाशी उभे होते, बिननावाचे, आणि आई गेल्यापासून तिथे कुणी चिमूटभरसुद्धा काही ठेवलं नव्हतं.

"काय झालं?" उत्तराने विचारलं.

"काही नाही. उत्तर चुकीचं नाही," तो म्हणाला. "चुकीचं असतं तर बरं झालं असतं."

पार्किंगमध्ये कोकुमोने त्याला गाठलं. सह्या करून करून त्याची बोटं निळी झाली होती.

"सहा वर्षं मी एक विचारायचं ठेवलंय," तो म्हणाला. "क्रिकेटचा बॉल इतका बारीक असतो का?"

चारुदत्तने गाडीची किल्ली उगाच दोनदा दाबली. गाडी दोनदा केकाटली.

"कोंडू," तो म्हणाला.

"काय?"

"माझं नाव. आधीचे दोघं गेले म्हणून मला उकिरड्यावर टाकला. मग आईने बांगडीवालीकडून विकत घेतला. सूपभर कोंडा देऊन. कोंडा म्हणजे धान्य कांडलं की वर उरतो तो भुसा."

कोकुमो हसायला लागला. हसता हसता त्याने चारुदत्तच्या गाडीचा टप धरला. "स्वस्तात गेलास रे!"

"हो. मार्केट डाउन होतं."

उत्तरा पलीकडच्या दारापाशी उभी होती. तिने बारा वर्षं सोबत राहिलेल्या नवऱ्याकडे पहिल्यांदाच नाकापासून बघायला सुरुवात केली.

"तुझ्या कादंबरीत आहे हे?" कोकुमोने विचारलं.

"नाही. त्यात आंब्याचं झाड आहे."

कोकुमोने मान हलवली आणि मनापासून म्हणाला, "आंबाही चांगला असतो."

घरी दार उघडून आत गेल्यावर, चपला काढता काढता, उत्तरा स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाली, "कोंडू." आणि मग आतून मोठ्याने, "ए कोंडू, दूध बाहेरच राहिलंय, फ्रिजमध्ये ठेव." त्याने ठेवलं. इतकी वर्षं या नावाने कुणी त्याला काम सांगितलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी स्वानंदी क्लासला आत गेली. चारुदत्तने सीट मागे केली नाही. दोन गाड्या सोडून कोकुमो बसला होता. पुस्तक लिहून संपल्यामुळे त्याला आता काही उद्योग नव्हता. सीट मागे करून, तोंड उघडं टाकून तो ध्यान करत होता. त्याच्या कानाची खाच काचेतून दिसत होती.

चारुदत्तकडे पाऊण तास होता. एकेचाळीस पानं घरी होती आणि ती घरीच बरी होती. मागच्या सीटवर तशीच पडलेल्या वाचनालयाच्या कापडी पिशवीत तळाशी एक छापील फॉर्म निघाला: 'तुमच्या आवडीचं पुस्तक आमच्याकडे नाही? आम्हाला सुचवा.' त्यावर लिहायला तीनच ओळी होत्या. म्हणून त्याने खिशातली त्रेचाळीस चुकांची यादी काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. मराठीत लिहिलं. वाचनालयात मराठी वाचणारं कुणी नव्हतं, हे ग्रंथालय समितीच्या प्रमुखाला पक्कं ठाऊक होतं.

'प्रति,
मा. वाचकसेवा अधिकारी,
सार्वजनिक वाचनालय, डब्लिन.

विषय: 'कोंडू' या पुस्तकाची खरेदी व आरक्षणाबाबत.

महोदया,

वरील पुस्तक आपल्या संग्रहात नाही. ते अद्याप लिहिलेलंही नाही, ही बाब अर्जदारास मान्य आहे. तरी ते उपलब्ध होताच एक प्रत खरेदी करण्यात यावी आणि ती श्री. ओगुनसान्या यांच्या पुस्तकाशेजारी ठेवण्यात यावी.

राखीव यादीत पहिला व दुसरा क्रमांक अर्जदाराच्या दोन थोरल्या भावांना देण्यात यावा. त्यांच्याकडे आपले कार्ड नाही. कायमचा पत्ता नाही. नाव ठेवण्यापूर्वीच ते गेले असल्याने नावाचा रकाना कोरा ठेवण्यास परवानगी असावी. ते पुस्तक न्यायला न आल्यास प्रत सात दिवसांनी पुढच्या वाचकाकडे पाठवण्याचा आपला नियम त्यांच्यापुरता शिथिल करण्यात यावा.

तिसरा क्रमांक अर्जदाराचा आहे. तो थांबायला तयार आहे.

कळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
कोंडू'